एकविसावी खुंटी

सांगली
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय आकाराममामा,

भाचीचा नमस्कार. आधी बातमी, मग ख्यालीखुशाली. मी मास्तरीण झाले! सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉप शिकवायला लागले आहे. करार सध्या एका वर्षाचा आहे, पण वर्षभरानं मी तिथून हलणारी नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

फोन केला असता तर तुम्ही नेहमीसारखं दहा वेळा "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणाला असता आणि ठेवून दिला असता. फौजेच्या वर्कशॉपात अख्खी नोकरी यंत्रांच्या आवाजात काढून तुम्ही कान घालवलेत, त्याची शिक्षा मला. शिवाय हातानं काम करणाऱ्यानं पत्रही हातानंच लिहावं, हे तुमचंच म्हणणं. तेव्हा घ्या, वाचा.

माझ्याकडे पहिल्या वर्षाची वीस जणांची तुकडी आहे. त्यांना तीन गोष्टींची तोंडओळख करून द्यायची. लेथवर लोखंड कापायचं, सोल्डर करून छोटं सर्किट जोडायचं, आणि कॉम्प्रेसरच्या दाबाच्या हवेवर सिलिंडरचा दांडा पुढं-मागं हलवायचा. या तिसऱ्याला न्यूमॅटिक्स म्हणतात, आणि तो शब्द म्हणताना निम्म्या तुकडीची जीभ अडखळते. यशराज म्हणून एक आहे, बारावीला सत्त्याण्णव टक्के. त्याच्या हातात मोजमापाचं व्हर्नियर दिलं, तर त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, ह्याचं चार्जिंग कुठं करायचं?" मी हसले नाही. वर्गाबाहेर जाऊन हसले.

कडेगावची एक मुलगी आहे, प्रियदर्शनी. आपल्या मागच्या गल्लीतल्या भाऊसो अण्णांची नात. हात इतका स्थिर की बघत राहावं. आमच्या तुकडीतली लेथवरची खरी टर्नर तीच होणार, लिहून ठेवा.

आणि हो, पहिल्या तासाला हात जपण्याबद्दल बोलताना मी तुमच्या बोटाची गोष्ट सांगितली. सत्त्याऐंशी साल, बॉर्डर, छर्रा आला आणि डाव्या हाताचं अनामिकेचं बोट घेऊन गेला. पण आईनं घातलेल्या अंगठीनं तो घाव स्वतःवर झेलला, म्हणून हात वाचला आणि जीवही वाचला. तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हापासून आई पालीच्या जत्रेतून तांब्याच्या अंगठ्या आणते, खंडोबाच्या पायाला लावते आणि गल्लीतून जो कोणी भरतीला किंवा कारखान्यात जाईल त्याच्या बोटात घालते. भाऊबीजेला तुम्ही डावा हात खिशात घालून पाटावर बसता, तेव्हा ती मला दरवर्षी कोपर मारून सांगते, "बगितलंस? दाखवत न्हाई. खरा शिपाई असाच असतोय."

आता तुमच्या पोतडीतलं काहीतरी पाठवा. पहिल्या आठवड्यात पोरांना काय शिकवू?

तुमची,
समीक्षा


कोरेगाव
३० ऑगस्ट २०२५

चि. समीक्षा,

आशीर्वाद. कान सोडून बाकी सगळं ठीक. पत्र तीनदा वाचलं. एकदा आनंदासाठी, दोनदा तुझं अक्षर लागेना म्हणून.

पहिले दोन दिवस मशीनचं बटण दाबूच देऊ नकोस. फडकं दे, तेलाची बुधली दे आणि म्हणावं, पुसा. पुसता पुसता कुठला दांडा काय हलवतो ते हाताला कळतं, मग डोक्याला. सत्त्याण्णव टक्केवाल्याला तेलाचं काम जास्त दे. त्याचं चार्जिंग तिथंच होईल.

तिसऱ्या दिवशी चक. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरून गरागरा फिरणारा तो जबडा आहे, हे नीट बघू दे. चक आवळायची चावी चकमध्येच ठेवून जो हात काढेल, तो त्या दिवसापुरता मशीनवरून खाली. रडला तरी खाली. बाह्या कोपराच्या वर. ओढणी, मोकळे केस, घड्याळ, मनगटातला धागा, बोटातली अंगठी, काहीही चालणार नाही. चकला देवाची वस्तू आणि बाजारातली वस्तू यातला फरक कळत नाही. यात कुणाची गय करू नकोस.

सोल्डरिंगचं मला फारसं येत नाही. हवेचं थोडं येतं. हवा दिसत नाही म्हणून पोरांना ती गरीब वाटते, एवढं ध्यानात ठेव. नळी काढण्याआधी दाब सोडायचा.

एक गोष्ट. माझ्या बोटाचं वर्गात सांगत जाऊ नकोस. फौजेतल्या गोष्टी फौजेत राहू देत. तुला शिकवायला दुसरं पुष्कळ आहे.

इकडे गणपती बसले. शेजारच्या मंडळाचा भोंगा थेट माझ्या खिडकीकडे तोंड करून लावलाय. सगळी आळी वैतागली आहे, मी एकटा मजेत झोपतो.

आक्काला नमस्कार सांग.

आकाराममामा


सांगली
९ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

तुमचा विनय आता पुरे झाला. वीसपैकी सोळा पोरं मला विचारतात, "मॅडम, फौजी मामांना एकदा आणा की." बोट गमावलेल्या माणसानं इतकं लाजायचं असेल, तर काही न गमावलेल्यांनी काय करावं?

बाकी तुमचं शब्दशः केलं. दोन दिवस नुसतं पुसणं. यशराजचे हात कोपरापर्यंत काळे झाले आणि तिसऱ्या दिवशी त्यानं आपणहून सांगितलं, "मॅडम, हा दांडा सैल आहे." खरोखरच सैल होता! दारात बिस्किटांचा रिकामा डबा ठेवलाय. आत येताना घड्याळं, धागे, अंगठ्या त्यात पडतात. दोन दिवस कुरकुर झाली, मग सवय झाली.

फक्त एक जण ऐकत नाही, आणि ती नेमकी प्रियदर्शनी. तिच्या बोटात माझ्या आईनं घातलेली अंगठी आहे. म्हणाली, "मॅडम, काकूंनी सांगितलंय, मशीनवर असताना तर अजिबातच काढायची नाही. आकाराममामांनी काढली असती तर आज ते असते का?" आता मीच ती गोष्ट वर्गात सांगितलेली.

शनिवारी घरी गेले आणि आईशी भांडले.

"आई, नियम आहे वर्कशॉपचा."

"तुजा नियम कवाचा?"

"सगळ्या जगाचा आहे."

"माजा भाऊ अंगठीनं वाचला का तुज्या नियमानं? ती पोरगी लोखंडाशी खेळती. तिच्या हातातनं अंगठी काढलीस आनि काय झालं, तर भाऊसो अण्णास्नी तोंड कोन दावनार? तू का मी?"

तुम्ही आईला एक ओळ लिहा ना. तुमचं ती ऐकेल. "आक्का, मशीनपुरती अंगठी काढू दे," एवढंच. तोवर मी मधला मार्ग काढलाय. अंगठीवर कापडी चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची, म्हणजे कडा अडकायला नको. पुढच्या आठवड्यात ती पहिल्यांदा एकटी लेथवर उभी राहील.

सोल्डरिंगच्या वर्गात मजा आहे. पहिल्यांदा एलईडी पेटला तेव्हा एका पोरानं घरी व्हिडिओ कॉल लावला आणि त्याची आजी पलीकडून म्हणाली, "एवड्याशा दिव्याला कालेज कशाला लागतंय?"

समीक्षा


(पोस्टकार्ड)
कोरेगाव
१३ सप्टेंबर २०२५

समीक्षा,

पट्टी नको. पट्टी अंगठीहून वाईट, ती सुटून गुंडाळते. अंगठी घालून त्या मुलीला लेथवर उभी करू नकोस. आक्का काय म्हणते, अण्णा काय म्हणतील, मी काय होतो, सगळं बाजूला ठेव. हे कार्ड हातात पडेल त्या मिनिटाला ऐक.

आकाराम


सांगली
१९ सप्टेंबर २०२५

मामा,

तुमचं कार्ड काल मिळालं. प्रियदर्शनीला लागलं ते मंगळवारी, सोळा तारखेला.

घाबरू नका, बोट शाबूत आहे. तीन टाके पडले. तिनं मशीन बंद केलं होतं, चक थांबत आला होता. पूर्ण थांबायच्या आत जॉब किती गुळगुळीत झालाय ते बघायला तिनं हात पुढं केला. पट्टीचं सुटलेलं टोक चकच्या जबड्यात गेलं. मी शेजारच्याच लेथवर होते, धावत जाऊन ब्रेकवर पाय मारला. पट्टी फाटली, अंगठी बोटातल्या बोटात पिळली गेली आणि कातडी सोलली. अजून अर्धा फेरा झाला असता तर मी आज तुम्हाला दुसरंच पत्र लिहीत असते.

चूक माझी. पट्टीची अक्कल माझी, आणि नियम मोडू दिला तोही मीच. विभागप्रमुख लालासाहेब सरांनी लेखी खुलासा मागितला, त्यात हेच लिहून दिलं. माझी नोकरी राहील न राहील, ते नंतर बघू. खोटं लिहून ती टिकवायची नाही, एवढं मात्र मी ठरवलंय.

पण मामा, खरी गंमत पुढं आहे, आणि मला तिचं हसू येत नाही. प्रियदर्शनी दवाखान्यात काय म्हणाली माहीत आहे? "मॅडम, अंगठी होती म्हणून वाचले." आई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आली, तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "माज्या आकारामासारखंच झालं बग. तिनं घाव झेलला!" भाऊसो अण्णांनी आईचे पाय धरले. आणि काल माझ्या तुकडीतल्या सात पोरांनी मला विचारलं, "मॅडम, तुमच्या आईकडून आम्हाला पण एक एक अंगठी मिळेल का?" आईनं दिवाळीला देते म्हणून कबूल केलंय. सात अंगठ्या तांदळाच्या डब्यात तयार आहेत.

मी काहीही सांगितलं तरी त्यांच्याकडे तुमचं बोट आहे. माझ्याकडे फक्त नियम आहे.

एक विचारते, रागावू नका. मी पट्टीचा नुसता उल्लेख केला होता, तर तुम्ही इतक्या घाईनं कार्ड टाकलंत. पट्टी सुटून गुंडाळते, हे तुम्हाला कसं ठाऊक?

समीक्षा


कोरेगाव
२५ सप्टेंबर २०२५

चि. समीक्षा,

ठाऊक आहे, कारण मीही पट्टी लावली होती.

मला छर्रा लागला नाही. त्या दिवशी मी बॉर्डरवर नव्हतोच. बॉर्डरपासून चारशे किलोमीटर आत, आमच्या वर्कशॉपात, लेथवर होतो. गाडीच्या एका शाफ्टवर बसणारं लोखंडी बुश कापत होतो. उस्तादानं दोनदा सांगितलं होतं, अंगठी काढ. मला ती काढवेना, म्हणून पट्टी गुंडाळली. मशीन बंद केलं, चक थांबत आला होता, आणि जॉब गुळगुळीत झाला का ते बघायला मी बोट पुढं केलं. प्रियदर्शनीनं केलं तेच. फरक एवढाच, की ब्रेकवर पाय मारायला माझ्या शेजारी तू नव्हतीस.

ती अंगठी कुठली हे तुला नीट माहीत नसेल. आमची आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आक्का अकरा. तिनं चौथीतून शाळा सोडली ती कायमची. मला तिनं वाढवलं. मी भरती होऊन पहिली सुट्टी संपवून निघालो, तेव्हा तिनं स्वतःचं पैंजण मोडून कराडच्या सोनाराकडून ती अंगठी करून घेतली आणि पालीला नेऊन आणली. एसटी सुटता सुटता खिडकीतून माझ्या बोटात घातली. म्हणाली, "काडू नगंस."

आता दवाखान्यात पडल्या पडल्या मी तिला काय लिहायला हवं होतं? की आक्का, तुझ्या अंगठीनं माझं बोट नेलं? मी एक ओळ लिहिली, "छर्रा लागला, एक बोट गेलं, बाकी ठीक." मला वाटलं, विषय संपला. पण अंगठीनं जीव वाचवला, हे पुढचं तिनं स्वतः जोडलं. मी सुट्टीवर आलो तोवर साऱ्या गावाला ते माहीत झालं होतं. लोक स्टँडवर हार घेऊन आले होते. मी हार घालून घेतला. तिथंच तोंड उघडायला हवं होतं.

पुढं मी एकवीस वर्षं रिक्रूट शिकवले. प्रत्येक तुकडीला पहिल्या तासाला हा हात वर करून खरं ते सांगितलं. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराचं बोट गेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. उस्ताद म्हणून मी कुणाला हार गेलो नाही. फक्त घरी आलो की हात खिशात. आक्का त्याला शिपाईपण म्हणते. मला लाज वाटते म्हणून तो खिशात असतो.

तिनं दुसऱ्यांच्या पोरांना अंगठ्या घालायला सुरुवात केली, तेव्हा मला कळत होतं. म्हटलं, बंदूक चालवणाऱ्याला अंगठीनं काय होतंय. पण कारखान्यातही पोरं जातात, हे मी डोळ्याआड केलं. त्या मुलीच्या तीन टाक्यांत माझा वाटा तुझ्याहून मोठा आहे.

पिळलेली अंगठी माझ्याकडे आहे. जोडीदारानं लोखंडाच्या किसातून शोधून दिली होती. दाढीच्या डब्यात तळाशी असते.

आता तू आक्काला सांग. तुझी बोलण्याची हातोटी आहे. माझ्यानं व्हायचं नाही.

आकाराममामा


सांगली
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

पत्र वाचून आधी रडले, मग तुमचा राग आला, मग पुन्हा रडले. आता दसरा होऊन गेला आणि डोकं ठिकाणावर आहे, म्हणून लिहिते.

मी आईला सांगणार नाही. आळस किंवा भीती म्हणून नाही. अडतीस वर्षांपूर्वीची ओळ तुम्ही लिहिलीत, ती तुम्हीच खोडायची. मी सांगितलं तर आई म्हणेल, पोरीला नियम चालवायचाय म्हणून मामाला खाली ओढते. तुम्ही सांगितलंत तर ती मानेल. आणि मामा, ज्या माणसानं एकवीस वर्षं अनोळखी पोरांसमोर हात वर केला, त्याला स्वतःच्या बहिणीसमोर तो वर करता येत नाही, हे मी मानत नाही.

परवा खंडेनवमीला वर्कशॉपात पूजा केली. लेथ, कॉम्प्रेसर, सोल्डरिंगची टेबलं, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. मी एकच हुकूम काढला होता. हवेच्या व्हॉल्व्हला तांदूळ वाहायचे नाहीत. तरी यशराजनं भक्तिभावानं वाहिलेच. काल सुट्टी होती, आज सिलिंडर अर्ध्यात अडकला. हवा बाहेर पडायच्या भोकात चार अक्षता! त्यानं स्वतः दाब सोडला, व्हॉल्व्ह खोलला, साफ केला, जोडला आणि चालू केला. मी नुसती उभी होते.

प्रियदर्शनीला मी लेथवर घेत नाही. अंगठी काढल्याशिवाय नाही, आणि टाक्यांमुळे दुसऱ्या बोटात घातली तरी ती काढत नाही. पूजेच्या दिवशी तिनं लेथवर फूल ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, पूजा चालते, काम नाही?" पण मी हलले नाही.

बिस्किटाचा डबा मला आवडत नाही. देवाच्या वस्तू बिस्किटांच्या डब्यात टाकायला लावते, म्हणून पोरांना टोचतं, ते मला आत्ता समजलं. म्हणून तुकडीला एक काम दिलंय. वर्कशॉपच्या दारात बाभळीची फळी लावायची. प्रत्येकानं लेथवर आपापली खुंटी कातून काढायची. ती फळीत ठोकायची नाही, सिलिंडरच्या हवेनं दाबून बसवायची, आणि दाबायचं सर्किट स्वतः जोडायचं. आत जाताना आपली अंगठी, आपला धागा आपल्या खुंटीवर. बाहेर येताना पुन्हा अंगावर. तिन्ही विषय एका फळीत आले, लालासाहेब सरही खूश झाले. खुलाशाचं त्यांनी पुढं काही काढलं नाही.

एकोणीस खुंट्या होतील. विसाव्या भोकाचं काय करायचं, ते तुमच्या हातात आहे.

दिवाळीनंतर सत्तावीस तारखेला लेथ पुन्हा सुरू होतील, तोवर सात अंगठ्या सात बोटांत असतील. भाऊबीज तेवीसला आहे.

समीक्षा


कोरेगाव
१० ऑक्टोबर २०२५

चि. समीक्षा,

येतो.

तुझ्या सर्किटमध्ये एक दुरुस्ती कर. एक बटण ठेवू नकोस, दोन ठेव, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच सिलिंडर खाली यावा. म्हणजे माणसाचे दोन्ही हात बटणांवर, समोर, दिसतील असे राहतात. एक हात लपवला की मशीन हलत नाही.

हे लिहिताना माझं मलाच हसू आलं. तुझी आई म्हणते ते खरं, तू जिभेनं तिच्यावर गेली आहेस.

आकाराममामा


कोरेगाव
२५ ऑक्टोबर २०२५

चि. समीक्षा,

परवा तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस, सगळं पाहिलंस. पण मला ऐकू येत नाही, त्यामुळे मी बोलल्यावर आक्का काय म्हणाली ते मला कळलं नाही. तिचे ओठ हलले एवढं दिसलं. मग ती निरांजनाचं ताट उचलून आत गेली आणि ओवाळलं नाही.

मी पाटावर अर्धा तास बसलो. मग खिशातली अंगठी पाटावर ठेवली आणि संध्याकाळची गाडी धरली. आक्काच्या पाटावर बसूनही कोरड्या कपाळानं गेलेली बासष्ट वर्षांतली ही पहिलीच भाऊबीज.

पश्चात्ताप नाही. सांगितलं ते बरं केलं. पण ती काय म्हणाली, तेवढं लिही. काहीही असलं तरी लिही.

आकाराम


सांगली
३१ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

हे स्पीड पोस्टानं पाठवते, कारण तुम्हाला पुनवेआधी मिळायला हवं. का, ते शेवटी कळेल.

आई तेव्हा म्हणाली होती, "मला आदी सांगायचं न्हाईस व्हय रं." एवढंच. तुम्ही गेल्यावर ती बाहेर आली, अंगठी उचलली आणि पदराच्या गाठीला बांधली. पाचव्या दिवशी सकाळी मला फोन, "सांगलीच्या स्टँडवर हाय. तुजं मशीन दाखीव."

तिला घेऊन वर्कशॉपात आले. तुकडी हजर होती. फळी दारात टेकवून ठेवलेली, एकोणीस खुंट्या बसवलेल्या. लेथसमोर उभी राहून म्हणाली, "फिरव." मी चक फिरवला. "हात कुटं घातला हुता त्यानं?" मी लांबूनच दाखवलं. ती पाठीमागं हात बांधून किती तरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यो व्हय त्यो. आनि मी अडतीस वर्सं बॉर्डरपल्याडच्या लोकास्नी शिव्या घातल्या."

पोरं हसावं की नाही या विचारात पडली. आईच आधी हसली, मग डोळ्याला पदर लावला. मग सगळ्यांदेखत प्रियदर्शनीचा हात धरला. टाक्यांची खूण अजून लाल आहे. म्हणाली, "बाळ, अंगठीनं तुला वाचवलं न्हाई. माज्या पोरीच्या पायानं वाचवलं. माज्या भावाचं बोट ह्याच मशीननं खाल्लं, माजीच अंगठी धरून. त्यानं मला सांगितलं न्हाई, मला दुक हुईल म्हनून. मी तुला सांगती, तुला दुक झालं तरी." आणि स्वतःच्या हातानं अंगठी काढून तिच्या मुठीत दिली. "देव कुटं जात न्हाई. खुंटीवर बसंल. काम झालं की घाल."

त्या सात अंगठ्या आईनं आणल्याच होत्या. पोरांना दिल्या, पण बोटांत घातल्या नाहीत, ज्याच्या त्याच्या खुंटीवर टांगल्या. आधी तिच्या अंगठ्या घालून गेलेली अकरा पोरं बाहेर नोकरीवर आहेत, त्यांच्या आयांना ती आता घरोघर जाऊन सांगणार आहे. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तर मला म्हणाली, "म्हनू देत की. माजा भाऊ बोट गेलं तरी परत मशीनवर हुबा ऱ्हायला. हे काय कमी हाय व्हय?"

मग प्रियदर्शनी लेथवर उभी राहिली. रिकाम्या हातानं. दोन खुंट्या कातल्या, एक तिची आणि एक जास्तीची. दोन्ही मोजल्या, एका केसाचाही फरक नाही. मी म्हटलं नव्हतं, खरी टर्नर तीच होणार?

जास्तीची, म्हणजे एकविसावी खुंटी बसवायचा मान आईला दिला. फळीत वर मधोमध भोक पाडलं, खुंटी उभी केली. आईनं एका हातानं पदर सावरला आणि दुसऱ्या हातानं एक बटण दाबलं. काहीच झालं नाही. "बिगाडलं व्हय गं?" यशराज म्हणाला, "आजी, दोन्ही हात पायजेत. एक लपवला तर चालत नाही." तिनं पदर सोडला आणि दोन्ही हात ठेवले. सिलिंडर फुस्स करून खाली आला, खुंटी बसली, सर्किटवरचा दिवा लागला. आईनं पदराची गाठ सोडली आणि तुमची पिळलेली अंगठी तिच्यावर अडकवली.

नंतर बराच वेळ ती त्या दोन बटणांकडे बघत होती. दोन बटणांची अक्कल कुणाची, असं तिनं विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. मग तिनं माझ्याकडून वहीचं पान मागून घेतलं. चौथीनंतर तिनं लिहिलेलं हे पहिलं पत्र. सोबत जोडते. शुद्धलेखन तपासू नका.

तुमची,
समीक्षा


आकारामा,

तू गेल्यावर मी ताट इजवलं न्हाई. वात आपली आपन इजली. तुजा राग आला हुता, बोटाचा न्हाई. ह्येवडं वजं येकट्यानं कशाला वडलंस म्हनून.

भाऊबीज पुनवंपातूर चालती. पुनव बुदवारी हाय. सकाळच्या गाडीनं ये. पाट मांडून ठेवती.

येक सांगती. औंदा हात खिशात घालून बसायचं न्हाई. दोनी हात पुडं ठेव. न्हाईतर मी ववाळनार न्हाई.

तुजी आक्का
तानुबाई